खिलार खोंडाचे संगोपन: ज्येष्ठातल्या जन्मापासून खरसुंडीच्या पौष यात्रेपर्यंत

आमचे घर सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात, गावापासून थोडे बाजूला वस्तीवर आहे आणि पंचक्रोशीत या घराची ओळख शेतीपेक्षा दावणीवरच्या खिलार जातीच्या जनावरांमुळे आहे. थोडी बाजरी, थोडा शाळू आणि टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी शिवारात आल्यापासून थोडा मका एवढीच आमची शेती. बाकी सारा संसार गाई, कालवडी (तरुण गाई) आणि खोंड (तरुण बैल) यांच्या वेळापत्रकावर चालतो. माझे माहेर कोल्हापूर जिल्ह्यातले. तिथे जनावर म्हणजे मुख्यतः म्हैस, आणि म्हशीची किंमत सकाळ-संध्याकाळ डेअरीत जाणाऱ्या दुधावर ठरते. सून म्हणून या घरात आले तेव्हा दावण गाईंनी भरलेली असूनही घरात डेअरीचे पासबुक नाही, याचे मला मोठे नवल वाटले होते. खिलार गाय वेळेला दोन लिटर दूध देते, क्वचित थोडे अधिक, आणि त्यातलेही घरापुरते काढून बाकीचे आम्ही वासराला सोडतो. तिचे मोल तिच्या पोटी येणाऱ्या खोंडात असते. यात्रेत लोक तो खोंड पाहतात आणि त्याचा कासरा धरून उभ्या असलेल्या माणसाचे कौतुक करतात. परंतु तो खोंड घडतो घरी, त्याला अंगावर पाजणाऱ्या गाईमुळे आणि रोज त्याच्या अंगावरून हात फिरवणाऱ्या बायकामाणसांमुळे, असे माझे ठाम मत आहे. आमच्या हरणी गाईचा पाखऱ्या हा खोंड 2022 च्या ज्येष्ठात जन्मला आणि 2025 च्या जानेवारीत खरसुंडीच्या पौष यात्रेत विकला गेला. त्या काळात जे जे केले, ते इथे सविस्तर लिहिते.

आटपाडी हा पूर्वीच्या औंध संस्थानाचा एक महाल होता, म्हणून इकडच्या खिलाराला आजही 'आटपाडी महाल' असे म्हणतात. म्हसवडकडचे ते म्हसवड खिलार, खानदेशात तापीच्या खोऱ्यात थिलारी लोकांनी जोपासलेले ते तापी खिलार, आणि या सर्वांची सरमिसळ होऊन तयार झालेले ते नकली खिलार, असे प्रकार जाणकार सांगतात. या जातीचे मूळ कर्नाटकातल्या हळ्ळीकर गुरांशी जोडले जाते. माण नदीचा हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा असल्यामुळे कमी पाणी, कोरडा कडबा आणि उन्हाने तापलेला खडकाळ माळ यांवर टिकणारे जनावरच इथे पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले. त्यातून पांढरेशुभ्र किंवा किंचित करड्या झाकेचे, आटोपशीर बांध्याचे, काळ्या टणक खुरांचे आणि मागे जाऊन डौलाने वर वळलेल्या लांब शिंगांचे हे गोवंश तयार झाले.

हरणी ही आमच्या घरचीच गाय. 2018-19 च्या दुष्काळात ती लहान कालवड होती आणि तिच्या वाढीचे महत्त्वाचे महिने चारा छावणीत गेले. छावणीत जनावरे न्यायची म्हणजे अर्धे घर तिकडे हलवावे लागते. मामा, म्हणजे माझे सासरे, आणि भाऊजी रात्री तिथेच बाजेवर झोपत, मी आणि आत्या म्हणजे सासूबाई सकाळी भाकरी बांधून जात असू आणि दिवस मावळता परतत असू. छावणीत बहुतेक उसाचे तुकडे मिळत. गुरांची पोटे भरत, पण नुसत्या उसावर कालवडीच्या अंगाला गोलाई येत नाही, म्हणून मामांनी घरातली शेवटची शेंगपेंड हरणीसाठी राखून ठेवली होती. त्या वर्षी आमच्या भागातल्या अनेक घरांनी आपली दावण मोकळी केली. मामांनी दोन म्हाताऱ्या गाईंसह एकही जनावर विकले नाही. हरणी पुढे चार वर्षांची होऊन गेल्यावर प्रथमच गाभण राहिली आणि मामांनी तिच्यासाठी गावातला वळू सोडून पलीकडच्या गावचा वळू निवडला. गावचा वळू अंगाने मोठा होता, पण त्याची पाठ किंचित खचलेली होती आणि पाठीतला दोष पुढच्या पिढीत उतरतो, असे मामांचे म्हणणे होते.

ज्येष्ठात दिवस भरत आले तसे हरणीला मोकळ्या, कोरड्या जागी बांधले. कास तटतटली, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंची जागा खोलगट झाली आणि तिने वैरण अर्धवट टाकली, तेव्हा आत्यांनी त्या रात्री झोपायचे नाही असे ठरवले. पहिलारू गाय असल्यामुळे वेळ लागला, परंतु पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक असे सरळ वासरू दिसल्यावर आत्यांनी कुणालाही ओढाताण करू दिली नाही. वासरू बाहेर पडताच नाकातोंडातला चिकटा पुसला, नाळ स्वच्छ दोऱ्याने बांधून कापली आणि तिला आयोडीन लावले. खुरांच्या टोकांवर जन्मतः एक मऊ, पिवळसर आवरण असते. ते आत्यांनी नखांनी हळूहळू सोलून काढले, म्हणजे वासराला लवकर पाय रोवता येतात. हरणी वासराला चाटत होती आणि आम्ही कंदिलाच्या उजेडात त्याचे डोके न्याहाळत होतो, कारण अस्सल खिलार वासराच्या टाळूवर जन्मतः तांबूस छटा असते आणि ती पुढच्या काही महिन्यांत निघून जाते. ही छटा स्पष्ट दिसली तेव्हा मामांचा चेहरा खुलला.

पहिल्या दोन तासांत वासराच्या पोटात चीक, म्हणजे गाईचे पहिले घट्ट दूध, गेलाच पाहिजे, ही गोष्ट जुनी माणसेही सांगत आणि पशुवैद्यकही सांगतात, कारण रोगाशी झगडण्याची पहिली ताकद त्याला चिकातूनच मिळते. माझ्या माहेरी व्यालेल्या म्हशीचा चीक मोठ्या प्रमाणात काढून शेजारीपाजारी वाटायची पद्धत होती. इथे खोंड झाला की त्याचे पोट भरेपर्यंत खरवसाचे नावही कुणी काढत नाही. वार, म्हणजे वासरामागून पडणारे आवरण, पडेपर्यंत आत्या गाईजवळून हलल्या नाहीत, कारण वार गाईने खाल्ली तर तिची पचनक्रिया बिघडते. वार पडल्यावर ती खोल पुरली आणि हरणीला गूळ घालून शिजवलेली बाजरी दिली.

पुढचे सहा-सात महिने खोंडाला जे दूध मिळते त्यावर त्याची हाडे ठरतात. खिलार गाय वासरू पुढे केल्याशिवाय पान्हा सोडत नाही, त्यामुळे तसेही आधी वासरू आणि मग माणूस हाच क्रम असतो. हरणीचे दोन सड आम्ही पाखऱ्यासाठी पूर्ण सोडले आणि उरलेल्या दोनांतूनही घरात चहापुरतेच दूध घेतले. पहिल्या पंधरवड्यात जंताचे औषध पाजले. ही गोष्ट अनेक घरांत राहून जाते आणि मग चांगले दूध पिऊनही वासराचे पोट सुटते, केस राठ होतात आणि वाढ खुंटते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यात लम्पी चर्मरोगाची साथ सुरू झाली आणि सप्टेंबरमध्ये जनावरांचे बाजार बंद झाले. पाखऱ्या तेव्हा अगदी लहान होता. शेळ्यांच्या देवीवरची लस गाईबैलांना मोफत टोचण्याची मोहीम सुरू झाली होती आणि आमच्या वस्तीवर पथक आले त्या दिवशी सगळी मोठी जनावरे टोचून घेतली. पाखऱ्याचे वय कमी असल्यामुळे त्याचे लसीकरण मागाहून झाले. तरीही आमच्या एका गाईला ताप आला, अंगावर गाठी उठल्या आणि पुढचे पाय सुजले. तिला लगेच दावणीपासून दूर कडुलिंबाखाली नेऊन बांधले, तिच्यासाठी वेगळी बादली आणि वेगळी वैरण ठेवली, आणि तिचे करणाऱ्या माणसाने म्हणजे मी हातपाय धुऊन कपडे बदलल्याशिवाय इतर जनावरांकडे जायचे नाही असे ठरवले. हा रोग चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे पसरतो, म्हणून रोज तिन्हीसांजेला लिंबाच्या पाल्याचा धूर केला, गोठ्यातली ओल मोडली आणि शेणाचा उकिरडा लांब हलवला. ती गाय महिनाभरात सावरली. खालच्या आळीतल्या एका घरातला जोडीतला बैल गेला, त्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. ज्यांच्याकडे जनावर हे केवळ उत्पन्नाचे साधन आहे, त्यांना यात अतिशयोक्ती वाटेल, पण मी ते पाहिले आहे.

साथ ओसरल्यावर दिवसांचा नेहमीचा क्रम पुन्हा लागला. पहाटे शेणघाण काढायची, गोठा झाडायचा, गाईंना कडब्याची कुट्टी आणि मूठभर पेंड टाकायची, वासरे पाजायची आणि मग भाऊजी गाई घेऊन माळावर जातात. पावसाळ्यात माळावर कुसळी, पवना, मारवेल अशी गवते उगवतात आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत विकतच्या वैरणीचा भार हलका होतो. हे महिने घरातल्या मुलांनाही आवडतात, कारण सुट्टीच्या दिवशी फडक्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून तीही काकांबरोबर माळावर जातात आणि ओढ्याकाठी गाई पाण्यावर आणून झाडाखाली जेवतात. माघ-फाल्गुनात माळ उघडा पडतो, मग पुन्हा कडबा, मकवान (मक्याची वैरण) आणि भुईमुगाचा वाळलेला पाला यांवर दिवस काढायचे. मोठ्या जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा आणि पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प व फऱ्याची लस टोचून घ्यायची, हा या क्रमाचाच भाग आहे.

या सगळ्यात खोंडासाठी वेगळे असे एकच काम असते, ते म्हणजे त्याला हात लावणे. खिलार जनावर जात्याच तापट आणि सावध असते. अनोळखी माणूस जवळ आला की ते कान टवकारते आणि फुरफुरते. ते पुढे चालून माणसांत उभे राहण्याजोगे व्हायचे असेल, तर त्याला लहानपणापासून माणसाच्या हाताची सवय लागावी लागते. मामा म्हणत, "हात लागल्याला खोंड मारत न्हाई, आन्‌ हात न लागल्याला इकत न्हाई." म्हणून रोज सकाळी गाई चरायला गेल्या की मी पाखऱ्याला काथ्याच्या घासणीने मानेपासून शेपटीपर्यंत घासत असे, गळ्याखालची पोळी चोळत असे, कानांच्या मागे बोटे फिरवून गोचीड पाहत असे आणि शेवटी चारही पाय एकेक करून उचलत असे. पाय उचलू देणारा खोंड पुढे खुरांना पत्री (नाल) मारताना त्रास देत नाही. सुरुवातीला तो मागच्या पायाला हात लावला की उसळत असे. मग मी आधी वशिंडाच्या (पाठीवरच्या उंचवट्याच्या) मुळाशी खाजवायला सुरुवात केली की तो मान लांब करून डोळे अर्धवट मिटत असे आणि तेवढ्यात पाय हातात घेता येई. हे वशिंड जसजसे भरत जाते, तसतशी तिथली कातडी सैल, मऊ आणि रेशमासारखी लागते. खोंडाची तब्येत नजरेने पाहण्याआधी मला ती हातालाच कळू लागली होती.

शिंगांविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण खिलाराची अर्धी किंमत शिंगांत असते. ती कपाळावर एकमेकांच्या जवळून निघावीत, मागे झुकावीत आणि मग एकसारख्या वळणाने वर यावीत, अशी अपेक्षा असते. एखादे शिंग बाहेर फाकू लागले तर कोवळ्या वयातच दोन्ही शिंगे सुती पट्टीने हलकेच जवळ बांधून ठेवतात. पाखऱ्याच्या डाव्या शिंगासाठी काही महिने तसे करावे लागले. आठवड्यातून एकदा शिंगांना तेल चोळणे हे काम आत्यांनी स्वतःकडे ठेवले होते. यात्रेआधी शिंगे तासून बारीक आणि गुळगुळीत करण्याची पद्धत आमच्या भागात सर्रास आहे. मामांनी ती कधीच मान्य केली नाही आणि मलाही ती पटत नाही. वारंवार तासल्याने शिंग पातळ होते, कधी रक्त येते, आणि हे सारे फक्त चार दिवसांच्या दिसण्यासाठी केले जाते.

आमच्याकडे बैलांचा सण बेंदूर आषाढात असतो. श्रावणी अमावास्येचा पोळा विदर्भ-मराठवाड्यात मोठा, तसा इकडे बेंदूर मोठा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकून हळद आणि लोणी चोळतात, त्याला खांदेमळणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर नेऊन धुणे, शिंगांना हुरमुंज (तांबडा रंग) लावणे, गळ्यात घुंगुरमाळा, पाठीवर झूल, आणि पुरणपोळीचा घास. पाखऱ्याचा पहिला बेंदूर त्याच्या आईच्या पोटाशी गेला. दुसऱ्या बेंदराला तो मोठ्या बैलांच्या मागे मिरवणुकीत चालला. ढोलताशांच्या आवाजाला तो प्रथम बिचकला, पण पुढे त्याचा ओळखीचा जुना बैल शांतपणे चालत असल्यामुळे तोही वेशीपर्यंत नीट गेला. बेंदरासारखे सण केवळ हौसेचे नसतात. खोंडाला गर्दी, रंग, आवाज आणि परकी माणसे यांची ओळख याच दिवशी होते.

दीड वर्षाचा झाल्यावर, थंडीत, वेसण घालायचे ठरले. थंडीतच का, तर उन्हाळा-पावसाळ्यात जखमेवर माश्या बसून किडे पडण्याची भीती असते. हे काम गावातल्या एका वयस्कर गृहस्थांच्या हातचे. त्यांनी आधी पाखऱ्याला म्होरकी (तोंडाभोवतीची दोरी) घालून लिंबाच्या बुंध्याशी डोके आवळून बांधायला लावले, मग दोन बोटे नाकपुड्यांत घालून मधला पडदा चाचपला. त्या पडद्याचा मागचा भाग कुरकुरीत हाडाचा असतो आणि पुढे एक पातळ, मऊ जागा असते. दाभण त्याच जागेतून गेले तर रक्त थोडके येते आणि जखम लवकर भरते. उकळत्या पाण्यातून काढलेले दाभण आणि त्याच्या नेढ्यात ओवलेली नवी सुती दोरी. एका दमात दाभण पलीकडे निघाले, दोरी मागोमाग आली, आणि पाखऱ्याच्या सर्वांगावरून एक थरकाप गेला. मी त्याच्या मानेवर हात ठेवून उभी होते. हळद आणि तेल लावले, दोरी कानांमागे सैल बांधली आणि जखम भरेपर्यंत कुणीही तिला ओढ देऊ नये अशी ताकीद मामांनी सगळ्या घराला दिली. काही लोक वेसण घातल्या दिवसापासून खोंडाला हिसके देतात, त्यामुळे तो माणसाला कायमचा बुजतो. आम्ही त्याला काही दिवस कोवळे हिरवे मकवान दिले, म्हणजे नाकाला त्रास न होता खाता आले.

वेसण बसल्यावर चाल शिकवायची. मामा पाखऱ्याला आमच्या जुन्या बैलाबरोबर रोज सकाळी शेताच्या बांधाने फिरवत आणि नंतर हलके कोळपे जोडून मऊ रानात दोन-चार ओळी घालत. डावा-उजवा, थांब आणि मागे हो एवढे तो लवकर शिकला. या काळात त्याचा खुराकही वाढवला: मक्याचा भरडा, शेंगपेंड, भिजवलेली सरकी, भिजवून शिजवलेले हुलगे आणि रोजची एक बाजरीची भाकरी. यात्रेच्या तोंडावर खोंडाला भरमसाट पेंड चारून फुगवणारे लोक आहेत. असा खोंड चार पावले पळवला की धापा टाकतो, आणि जाणते गिऱ्हाईक त्याला पळवूनच पाहते.

विक्रीच्या वर्षी माझे यजमान आणि भाऊजी त्याला दोन-तीनदा सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात घेऊन गेले, विकण्यासाठी नव्हे, तर बाजार दाखवण्यासाठी. कार्तिकी वारीत वाखरीच्या तळावर भरणाऱ्या जनावरांच्या बाजारात आम्ही सगळेच गेलो होतो. विठ्ठलाचे दर्शन झाले आणि मामांना त्या वर्षीच्या दरांचा अंदाजही आला. बैलगाडा शर्यतींवर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली होती, तेव्हा आमच्याकडे खोंडांचे दर फार खाली आले होते. डिसेंबर 2021 मध्ये अंतरिम परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, त्यानंतर चपळ खोंडाला पुन्हा मोठी मागणी आली. या मागणीमुळे अनेक घरांनी गाई राखल्या, हे मी नाकारत नाही. मात्र शर्यतीसाठी घेतलेल्या खोंडाची किंमत त्याच्या धावण्याच्या थोड्या वर्षांपुरती असते. त्यामुळे पाखऱ्या शेतीच्या किंवा पैदाशीच्या घरी जावा, अशी माझी आणि आत्यांची इच्छा होती आणि ती आम्ही मामांना स्पष्ट सांगितली होती.

कागदपत्रांचे काम यजमानांनी केले. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असल्याशिवाय 2024 पासून राज्यात बाजारातली खरेदी-विक्री करता येत नाही. पाखऱ्याचा बिल्ला आधीच मारलेला होता, लसीकरणाच्या नोंदी होत्या, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून आरोग्याचा दाखला घेतला.

खरसुंडी आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणून पाखऱ्याला टेम्पोत न घालता पायी न्यायचे ठरले. पहाटे निघालो. मामा, यजमान आणि भाऊजी खोंडाबरोबर, आणि मी, आत्या व मुले वैरण, अंथरूण-पांघरूण आणि शिधा घेऊन शेजाऱ्यांच्या बैलगाडीत. पूर्वी बायका यात्रेला फक्त देवदर्शनापुरत्या येत. गेल्या काही वर्षांत आम्ही माळावर मुक्कामाला राहू लागलो आहोत. सिद्धनाथाच्या या पौष यात्रेत जनावरांसाठी मोठा माळ मोकळा असतो आणि जिकडे पाहावे तिकडे पांढऱ्या पाठी आणि उभी शिंगे दिसतात. ओळखीच्या गावांची माणसे दरवर्षीच्या आपापल्या जागी उतरतात, त्यामुळे पाल कुठे ठोकायचे हे विचारावे लागत नाही. थंडी चांगलीच होती. तीन दगडांच्या चुलीवर आम्ही भाकरी आणि हुलग्याचे माडगे केले. रात्री शेकोटीभोवती कुणाची गाय व्याली, कुणी दावण मोडली, कुणाच्या मुलाने नव्याने कालवड घेतली, अशा बातम्या फिरत होत्या. सकाळी 'सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं' म्हणत दर्शन घेतले आणि मग पाखऱ्याला धुऊन, शेपटीचा गोंडा विंचरून, साध्या सुती कासऱ्यावर उभे केले. मामांनी त्याला झूल घातली नाही. झुलीखाली काय आहे हेच गिऱ्हाइकाला पाहायचे असते, असे ते म्हणाले.

गिऱ्हाईक आधी लांबून उभा खोंड पाहते, मग जवळ येऊन ओठ वर करून दात पाहते. दुधाचे सगळे दात असतील तर आदत, दोन पक्के दात आले असतील तर दुसा, चार असतील तर चौसा. पाखऱ्या दुसा होता. नंतर पाठीची रेघ, वशिंड, खूर, शेपटीचा गोंडा, अंगावरचे भोवरे, आणि शेवटी पंधरा-वीस पावले पळवून चाल. पहिल्या दिवशी दोन हेडी आले. हेडी म्हणजे जनावरांचे व्यापारी. त्यांपैकी एकाने उपरण्याखाली मामांचा हात धरून बोटांनी दर सांगितला. मामांनी हात काढून घेतला आणि काही न बोलता तंबाखूची चंची उघडली. दुसऱ्या दिवशी शर्यतवाल्या तरुणांचा एक गट आला. त्यांचा दर चांगला होता आणि यजमानांचे मन त्याकडे झुकले होते, परंतु त्यांच्यातल्या एकाने खोंडाच्या शेपटीला पिळा देऊन त्याला उसळवून पाहिले, तेव्हा आत्या पालातून उठून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बाबांनो, हा खोंड तुम्हास्नी द्यायचा न्हाई." मामांनी त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही.

त्याच दुपारी कर्नाटकातल्या विजयपूर जिल्ह्यातले एक शेतकरी, त्यांचा मुलगा आणि त्यांच्या गावचा एक जाणकार असे तिघे आले. मराठी-कन्नड मिसळून बोलत होते. गावात पैदाशीसाठी वळू हवा होता. त्यांनी खोंडापेक्षा जास्त चौकशी हरणीची केली: तिची कास कशी आहे, ती किती दिवसांनी पुन्हा गाभण राहिली, तिच्या आईला काही खोड होती का. ही चौकशी ऐकूनच माझे मन निश्चिंत झाले. दर एक लाख पस्तीस हजारांवर ठरला. शर्यतवाल्यांच्या दरापेक्षा तो कमी होता. इसार घेतला, पावती झाली, आणि बिल्ल्याच्या क्रमांकावरून मालकी बदलण्याची नोंद यजमानांनी दुसऱ्या दिवशी करून घेतली. आमच्या घरी जनावराबरोबर दावे देत नाहीत. त्यांनी आपला नवा कासरा आणला होता. तो बांधून झाल्यावर आमचा सोडून घेतला. आत्यांनी खोंडाला हळदकुंकू लावले आणि भाकरीचा तुकडा भरवला. मी त्या शेतकऱ्यांना सांगितले की मागच्या पायाला हात लावण्याआधी वशिंडाच्या मुळाशी खाजवा, म्हणजे तो उसळणार नाही. त्यांनी मुलाला बोलावून ते त्याच्याकडून लगेच करवून घेतले.

त्या पैशांचे वाटे घरात आधीच ठरलेले होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळूची काढणी होते तेव्हा कडबा वर्षातला सर्वांत स्वस्त असतो, म्हणून मोठा वाटा कडब्यासाठी राखला आणि काढणी होताच गंज रचून वळवाच्या पावसाआधी ती शाकारून घेतली. थोडे पैसे गोठ्याच्या पत्र्यांना आणि थोडे मुलीच्या शिक्षणाला लावले. हरणीला मधल्या काळात दुसरे वेत झाले होते आणि त्या वेळी कालवड झाली. चांगल्या गाईची कालवड आम्ही विकत नाही. ती वयात आल्यावर तिच्यासाठी वळू कोणता निवडायचा यावर मामा आणि यजमान यांचे अजून एकमत झालेले नाही: यजमानांना गोठवलेल्या रेतमात्रेतून नामांकित वळूची पैदास घ्यायची आहे, तर मामांना वळू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही करायचे नाही. आत्यांचे आणि माझे मत विचारले गेले आहे, आणि आम्ही दोघींनी, तो वळू ज्या गाईच्या पोटचा आहे ती गाय आधी पाहू, असे सांगितले आहे.